मॉरिशस बेटाचें ताट

ज्या भूभागाच्या चोहोंकडे पाणी असतें त्यास बेट म्हणतात, ही व्याख्या आमच्या सर्व विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. परंतु एवढ्यानें बेटाची ओळख होत नाहीं. तेथील माणसें काय खातात, तें अन्न त्या पाण्याच्या वेढ्यांतून आंत कोणीं आणिलें, आणि तें रांधतांना त्यांस कोणत्या दूरच्या गांवाची आठवण होते, हें विचारल्यावांचून बेटाचा भूगोल पुरा होत नाहीं असें आम्ही समजतों.

अलीकडे आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें सुटींत मॉरिशस बेटावर जातात. समुद्रकांठच्या मोठ्या उपहारगृहांत उतरावें, आठ दिवस वाळूंत बसावें आणि मुंबईंत मिळतें तेंच अन्न अधिक पैसे देऊन खावें, असा कित्येकांचा क्रम असतो. असा प्रवासी बेटावर जाऊन आला तरी बेट त्याच्या जिभेवर उतरलेंच नाहीं असें म्हणावें लागतें. या पाठांत तेथील खरे लोकांचे पदार्थ कोणते, ते कोठून आले व ते कसे खावे, हें आम्ही सांगणार आहों. ज्यांस तेथें जाण्याचा योग नाहीं त्यांसहि यांत आपल्या घरासंबंधींचें कांहीं सांपडेल.

१. बेट व त्यावरील माणसें

मॉरिशस हें हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस सुमारें ८०० किलोमीटरांवर आहे. मुंबईहून तें सुमारें ४,७०० किलोमीटर पडतें. त्याची लांबी सुमारें ६५ व रुंदी सुमारें ४५ किलोमीटर असून लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास आहे. तेथें मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. डच खलाशी १५९८ सालीं उतरले व त्यांनीं आपल्या मॉरिस नामक राजपुत्राचें नांव बेटास दिलें. त्यांस तेथें डोडो नांवाचा न उडणारा मोठा पक्षी दिसला. त्याचें मांस त्यांस विशेष आवडलें नाहीं. तरी जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनीं, डुकरांनीं व माकडांनीं त्याचीं अंडीं खाल्लीं, रानें तुटलीं, आणि शंभर वर्षांच्या आंत तो पक्षी पृथ्वीवरून नाहींसा झाला. या बेटाच्या अन्नाच्या इतिहासाचें पहिलें पान असें दुःखाचें आहे.

डचांनीं १६३९ सालीं जावा बेटाकडून ऊंस व हरणें आणिलीं. १७१० सालीं ते निघून गेले. १७१५ सालीं फ्रेंचांनीं बेट आपलें म्हणून घोषित केलें. त्यांचा ला बूर्दोने नांवाचा गव्हर्नर १७३५ सालीं आला. त्यानें दक्षिण अमेरिकेंतील मॅनिऑक नांवाचें कंद लावविलें. ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा करितात तोच हा कंद. ऊंस तोडण्यास व घरें बांधण्यास मादागास्कर आणि पूर्व आफ्रिका येथून गुलाम आणिले गेले. १८१० सालीं बेट इंग्रजांच्या हातीं गेलें आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजीं गुलामगिरी बंद झाली.

उंसाच्या मळ्यांस मात्र हात हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून 'अॅटलस' जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरांत आलें. तेथपासून १९२० पर्यंत जवळजवळ पांच लाख हिंदी मजूर त्या घाटावर उतरले. त्यांपैकीं कांहीं पुढें इतर वसाहतींत पाठविले गेले. करार पांच वर्षांचा, पगार महिना पांच रुपये, आणि त्यावर तांदूळ, डाळ व मीठ यांचा शिधा. बहुतेक मजूर बिहारकडचे. कांहीं तामिळ व तेलुगु. आणि मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरी, सातारा वगैरे भागांतील आपले मराठी लोकहि त्यांत होते. ज्या घाटावर हे लोक उतरले त्यास आज आप्रवासी घाट म्हणतात व २००६ पासून तें जागतिक वारसास्थळ आहे. समुद्रापासून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या, राहण्याच्या खोल्या आणि मजुरांच्या स्वयंपाकघराचे अवशेष तेथें पाहावयास मिळतात. जो प्रवासी बेटावरचें अन्न समजून खाऊं इच्छितो त्यानें प्रथम या पायऱ्यांवर उभें राहावें.

२. ढोल-पुरी

बेटाचा सर्वांत आवडता पदार्थ कोणता म्हणून विचारलें तर हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, सर्व एकच उत्तर देतील: ढोल-पुरी. 'ढोल' म्हणजे डाळ. बिहारांत जिला दालपुरी म्हणतात तीच ही. मात्र तिकडे ती बहुधा हरभऱ्याच्या डाळीची असते, आणि या बेटावर पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची करितात.

कृति अशी आहे. डाळ हळद व मीठ घालून बोटानें चिरडेल इतकीच शिजवावयाची. लगदा होऊं द्यावयाचा नाहीं. मग ती निथळून, भाजलेल्या जिऱ्याबरोबर कोरडी भुकटी होईल अशी वाटावयाची. डाळीचें उरलेलें पिवळें पाणी फेंकून न देतां त्यांत मैदा भिजवावयाचा. गोळ्यांत भुकटी भरून पोळी इतकी पातळ लाटावयाची कीं प्रकाशासमोर धरिली असतां आंतील डाळ दिसावी. आणि तव्यावर किंचित् तेल लावून ती मऊ भाजावयाची. नांवांत पुरी असली तरी ती तळीत नाहींत. आमच्या मुलींनीं घरीं पुरणपोळी लाटली असेल तर ही रीत त्यांस ओळखीची वाटेल. आपलें पुरण ओलें व गोड, तेथील सारण कोरडें व खारें, एवढाच काय तो भेद.

पूर्वीं ढोल-पुरी लग्नकार्यांत होत असे. आज ती रस्त्याच्या कडेला, कांचेच्या पेटीच्या मागें उभ्या असलेल्या विक्रेत्यापाशीं मिळते. ती एकटी मागत नाहींत, जोडी मागतात. विक्रेता दोन पुऱ्या एकावर एक ठेवून त्यांवर मोठ्या वालासारख्या पांढऱ्या दाण्यांची, म्हणजे घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची, पातळ रस्साभाजी, तांबड्या टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि ठेंचलेली मिरची घालतो, गुंडाळतो, व कागदांत देतो. ती उभ्यानेंच खावी. तिखट सोसत नसेल तर आधींच सांगावें, कारण तेथील लहान मिरची आपल्या लवंगी मिरचीस हार जाणारी नाहीं. उत्तम विक्रेता कोण, हें ओळखण्यास पाटी वाचण्याची गरज नाहीं. शाळेचीं मुलें, कारकून व गाडीवाले ज्याच्यापुढें रांग लावून उभे असतात तोच उत्तम.

ज्या दोन पुऱ्यांत बिहारची डाळ, टोमॅटोची भाजी आणि आफ्रिकेच्या मळेकऱ्यांच्या घरचा तिखटपणा एकत्र येतो, ती पुरी खातांना सगळ्या बेटाचा इतिहास आपण खात असतों. तिच्याच शेजारीं 'फराटा' मिळतो. तो म्हणजे आपला पराठा. सकाळीं 'गातो पिमां' मिळतात. नांवाचा अर्थ 'मिरचीचा केक' असा होतो. परंतु वस्तु पाहतांच ती आपल्या डाळवड्याची सख्खी बहीण आहे हें कळतें. भिजवून भरड वाटलेली डाळ, मिरची, कांद्याची पात व कोथिंबीर यांचे हे वडे गरम असतांना लोणी लावलेल्या फ्रेंच पावांत दडपून न्याहारीस खातात.

३. घरचें जेवण

रस्त्यावरच्या खाण्यावरून घरच्या जेवणाची कल्पना येत नाहीं. घरीं मुख्य अन्न भात. त्याबरोबर डाळ, एखादी रस्साभाजी किंवा मासा, चटणी, आणि 'ब्रेद' म्हणजे पालेभाजीचा साधा कढ. या पालेभाज्यांचीं नांवें ऐकण्यासारखीं आहेत. 'मुरुम' म्हणजे शेवग्याचा पाला. हें नांव तामिळ मजुरांनीं नेलें. 'सोंज' म्हणजे अळू. तांबडा भोपळा व चौ-चौ यांचे कोंवळे शेंडेहि असेच शिजवितात. लसूण, कांदा, आल्याचा तुकडा व पाणी. यापलीकडे त्यांत कांहीं नसतें. गरिबाच्या चुलीवरचा हा कढ आज डॉक्टरहि वाखाणतात.

रुगाय हा पदार्थ मात्र क्रेओल लोकांच्या घरचा मानतात. क्रेओल म्हणजे आफ्रिका व मादागास्कर येथून आणिलेल्या गुलामांचे वंशज. टोमॅटो, कांदा, लसूण, मिरची व थाइम नांवाची सुगंधी पाने मंद आंचेवर शिजवून त्यांत खारा मासा किंवा मांस घालतात. थाइम फ्रेंचांचें, कोथिंबीर हिंदी लोकांची. दोन्ही एकाच पातेल्यांत सुखानें नांदतात.

तामिळ लोकांच्या कावडी सणास केळीच्या पानावर सात भाज्या वाढतात. त्यांस 'सेत कारी' म्हणजे सात कढ्या म्हणतात. फणस, वांगें, भोपळा, केळें, डाळ यांच्या या भाज्या सर्व निरामिष असतात व हातानेंच खातात. मुसलमानांच्या लग्नांत मोठ्या डेगींत लांकडावर बिर्याणी शिजते. शेजारी कोणत्याहि धर्माचा असो, त्याच्या घरीं ताट पोंचतें. एका आळींत अनेक धर्म असलेल्या त्या लहान बेटावर लोकांनीं एक व्यवहारी शहाणपण संपादिलें आहे: पाहुण्यास काय चालत नाहीं हें आधीं विचारावें, आणि सार्वजनिक पंगतीस सर्वांस चालेल असेंच रांधावें.

४. समुद्राचें देणें

बेटाभोंवतीं बहुतेक सर्व बाजूंनीं पोंवळ्यांचा कठडा असून त्याच्या आंत उथळ, शांत पाणी असतें. गरीब कोळ्याचा संसार त्याच पाण्यावर चालतो. येथला खास पदार्थ 'विंदाय'. मासा तळून घ्यावयाचा. मग वाटलेली मोहरी, हळद, लसूण, मिरची, कांदा व सिरका यांत तो मुरवावयाचा. तो कित्येक दिवस टिकतो आणि थंडच पावांत घालून खातात. गोमंतकांतील विंदालूचें नांव ज्या पोर्तुगीज शब्दांवरून आलें, म्हणजे द्राक्षमद्य व लसूण या अर्थाच्या शब्दांवरून, त्यांवरूनच विंदाय हा शब्द आला असें मानतात. आमच्या गोंवेकर पालकांस हा दूरचा आप्त भेटल्याचा आनंद होईल.

मॉरिशसच्या पूर्वेस सुमारें ५६० किलोमीटरांवर रॉड्रिग्ज हें त्याच राज्यांतील लहान बेट आहे. तेथील स्त्रिया ओहोटीच्या वेळीं गुडघाभर पाण्यांतून चालत जाऊन काठीच्या टोंकानें 'उरीत' म्हणजे अष्टपाद पकडतात. तो दोरीवर टांगून वाळवितात व त्याची भाजी, कोशिंबीर किंवा विंदाय करितात. अति पकडल्यामुळें हा प्राणी कमी होऊं लागला, तेव्हां २०१२ पासून तेथें वर्षांतून कांहीं काळ त्याची शिकार बंद ठेवण्याचा नियम झाला. त्या काळांत कोळ्यांस दुसरें काम देण्यांत आलें. पुढें मोठे व अधिक उरीत मिळूं लागले. डोडोच्या वेळीं जें शहाणपण कोणास सुचलें नाहीं तें या गरीब स्त्रीपुरुषांनीं पाळून दाखविलें.

तरी हें देणें किती नाजूक आहे तें २०२० सालीं दिसून आलें. २५ जुलै रोजीं 'वाकाशिओ' नांवाचें मोठें जहाज आग्नेय किनाऱ्यावर पोंवळ्यांच्या खडकावर चढलें, आणि ऑगस्टांत त्यांतून सुमारें १,००० टन तेल निळ्या पाण्यांत सांडलें. मासेमारी बंद पडली. तेव्हां हजारों लोकांनीं उंसाचा पाचोळा कापडाच्या नळ्यांत भरून तरंगते बांध केले व तेल अडविलें. ज्या उंसासाठीं त्यांच्या पूर्वजांनीं घाम गाळला, त्याच उंसाच्या पाचोळ्यानें त्यांनीं आपल्या समुद्राचें रक्षण केलें.

५. चिनी दुकान व गोड पदार्थ

गांवोगांवीं चिनी वाण्याचें दुकान असे. मजुरास तो वहींत मांडून उधार तांदूळ व तेल देई, आणि उंसाच्या तोडणीनंतर हिशेब फिटे. अशा रीतीनें चिनी स्वयंपाकहि सर्वांचा झाला. पोर्ट लुईच्या चिनी पेठेंत 'बुलेत' खावे: चौ-चौच्या किसाचे, मासळीचे किंवा मांसाचे वाफविलेले गोळे स्वच्छ गरम सारांत सोडून देतात. दुसरा मौजेचा पदार्थ 'उलटा वाडगा'. वाडग्याच्या तळाशीं तळलेलें अंडें, त्यावर परतलेल्या भाज्या व मांस, त्यावर भात दाबून वाडगा ताटांत उपडा करितात. वाडगा उचलला कीं अंडें मुकुटासारखें वर दिसतें. मुलांस हा फार आवडतो.

गोड पदार्थांत 'गातो पातात' अवश्य खावा. उकडलेल्या रताळ्यांत पीठ मळून पारी करितात, आंत खोबरें, साखर व वेलदोडा भरितात, अर्धचंद्रासारखी दुमडून तळितात. दिवाळींत ती घरोघर होते. तिला पाहून करंजी आठवणार नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. मध्यवर्ती बाजारांत 'आलुदा' मिळतो: थंड दूध, भिजविलेला सब्जा, आगर-आगराचा कीस व व्हॅनिला. नांवावरूनच तो फालुद्याचा भाऊ असल्याचें ध्यानांत येईल. माहेबूर गांवीं मॅनिऑकचीं बिस्किटें जुन्या पद्धतीनें तव्यावर भाजितात. किनाऱ्यावर कैरी व अननस यांच्या फोडी चिंच, मीठ व मिरची लावून देतात.

साखरेविषयीं मात्र दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. ज्या बेटाची घडण साखरेनें केली त्या बेटावर आज प्रौढ माणसांपैकीं सुमारें पांचांत एकास मधुमेह आहे. ऊंस तोडणारा आजोबा दिवसभर उन्हांत राबे. नातू तेंच गोड व तोच मैदा बसल्या ठिकाणीं खातो. म्हणून सणाचा पदार्थ सणासच शोभतो, आणि रोजच्या ताटांत शेवग्याच्या पाल्याचा कढच बरा, ही गोष्ट तेथील वडील माणसें आतां पुन्हां सांगूं लागलीं आहेत. आपल्या घरींहि ती सांगण्याची वेळ आली आहे.

६. मराठी घर

मॉरिशसमध्यें मराठी आडनांवांचीं, मराठी देवळांचीं घराणीं आजहि आहेत. गणेशचतुर्थीस तेथें सरकारी सुटी असते. झाकरी नांवाचें त्यांचें नृत्य आपल्या कोंकणच्या जाखडीचेंच रूप होय. शाळांत मराठी शिकवितात. परंतु घरांत बोलण्याची भाषा बहुतेकांची क्रेओल झाली आहे. मराठींत रोजचें बोलणें फार थोड्या घरांत उरलें आहे. चतुर्थीच्या दिवशीं मात्र त्याच घरांत मोदक होतो, आणि तो करणारी बाई त्याला मोदकच म्हणते.

हें पाहून भाषा नाजूक व अन्न चिवट असें म्हणण्याचा मोह होतो. पण थोडा विचार केला असतां दिसेल कीं अन्नहि आपोआप टिकत नाहीं. पांच रुपये पगाराच्या मजुराच्या बायकोनें दिवसभर ऊंस बांधून संध्याकाळीं पाट्यावर डाळ वाटली, आणि तिच्या मुलीनें तें पाहिलें. म्हणून ढोल-पुरी टिकली. ज्या घरांत पाहणारी मुलगी किंवा पाहणारा मुलगा नव्हता, त्या घरचे किती पदार्थ बुडाले त्याची गणना कोणीं केली नाहीं. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडून तेथून येणारा तांदूळ तुटला, तेव्हां बेटावरच्या लोकांस मका, मॅनिऑक व रताळीं यांवर दिवस काढावे लागले. त्या संकटांत ज्यांच्या घरीं जुन्या कंदांची माहिती होती त्यांस ती कामास आली. आजीची विद्या ही केवळ चवीची गोष्ट नसून अडचणींतील शिदोरी आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

पालकांस आमची एक विनंति आहे. सुटींत परदेशीं जा अथवा आजोळीं जा, मुलांस स्वयंपाकघरांत बसूं द्या. विद्यार्थ्यांनीं एक वही करावी. तींत आपल्या घरचा एक जुना पदार्थ, त्याचें साहित्य, प्रमाण, आणि तो प्रथम कोणीं शिकविला, हें लिहावें. मुलगे व मुली दोघांनींहि हें काम करावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) नकाशा काढून मुंबई, कलकत्ता, मादागास्कर, मॉरिशस व रॉड्रिग्ज हीं ठिकाणें दाखवा.
(२) ढोल-पुरी व पुरणपोळी यांतील साम्य व भेद सांगा.
(३) डोडो नाहींसा झाला व उरीत वांचला, याचीं कारणें दोन परिच्छेदांत लिहा.
(४) मिरची, टोमॅटो, बटाटा व साबुदाण्याचा कंद हीं आपल्या देशांत कोठून आलीं तें शोधा. यांपैकीं एकहि नसतें तर आजचें तुमचें जेवण कसें झालें असतें?
(५) तुमच्या घरीं असा कोणता पदार्थ आहे कीं जो करणारें आतां एकच माणूस उरलें आहे? तें माणूस कोण? या सुटींत त्याच्यापाशीं बसून तो शिका.